पी०४२० आला म्हणून लगेच कन्व्हर्टर बदलू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१६ची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, ८२ हजार किलोमीटर झालेली, दोन वर्षांपूर्वी बाहेरून सीएनजी किट बसवलेलं, नेहमीचं जाणं-येणं पुणे-सातारा. महिनाभरापासून चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलाय. गाडी चालायला ठीक आहे, ॲव्हरेज थोडं कमी झालंय. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला, पी०४२० कोड (कन्व्हर्टरचं काम कमी पडतंय अशी सूचना) दाखवला आणि सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायचं ४८ हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. ओळखीच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं, आतली जाळी काढून टाकू, दोन हजारांत काम होईल. यातलं काय करावं?

सध्या दोन्ही करू नका. पहिल्यात कदाचित गरज नसताना ४८ हजार जातील, आणि गरज असली तरी मूळ कारण तसंच राहिलं तर नवा कन्व्हर्टरही वर्ष-दोन वर्षांत जाईल. दुसरा सल्ला का ऐकू नये ते पुढे सविस्तर सांगतो.

आधी सगळ्यात तातडीची गोष्ट. दिवा स्थिर लागलेला असेल तर गाडी चालवायला हरकत नाही, आठ-पंधरा दिवसांत तपासणी करून घ्या. पण दिवा लुकलुकायला लागला तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, गाडी बाजूला घ्या आणि शक्यतो पुढे दामटू नका. लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थ, इंजिन त्याच क्षणी मिसिंग मारतंय आणि न जळलेलं इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेट घेतंय. आज धडधाकट असलेला कन्व्हर्टर अशा वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये कायमचा खलास होऊ शकतो.

आता हा कोड नेमकं काय सांगतो ते बघू. ते समजलं की पुढच्या तपासण्यांचा क्रम तुम्हाला आपोआप कळेल.

कन्व्हर्टरच्या आत मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची सिरॅमिकची जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा अगदी पातळ थर असतो. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन यांना तिथे ऑक्सिजन मिळतो, नायट्रोजनच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन सुटतो, आणि मागून बहुतांशी कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजन बाहेर पडतो. हे काम सुरू व्हायला जाळी साधारण २५० ते ३०० अंशांपर्यंत तापावी लागते. शिवाय हवा आणि पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी आसपास राहावं लागतं.

ते प्रमाण एका जागी स्थिर राहत नाही. इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, मिश्रण सतत थोडं रिच (जादा इंधनाचं), थोडं लीन (जादा हवेचं) असं करत राहतो. म्हणून जाळीवरच्या लेपात सीरियम ऑक्साइड मिसळलेलं असतं. मिश्रण लीन असताना ते जादा ऑक्सिजन धरून ठेवतं, रिच असताना सोडतं. घरातल्या पाण्याच्या टाकीसारखं हे काम आहे: नळाला पाणी येवो-जावो, टाकी भरलेली असेपर्यंत स्वयंपाकघरातली धार सारखीच राहते. टाकीत गाळ साचून जागा कमी झाली की नळाचं येणं-जाणं थेट घरात जाणवू लागतं.

कन्व्हर्टरच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि नंतर एक. जुन्या पद्धतीचा पुढचा सेन्सर गरम इंजिनावर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सारखा वर-खाली होतो. कन्व्हर्टरची साठवण चांगली असेल तर मागचा सेन्सर ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सपाट राहतो. साठवण कमी झाली की मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागतो. ईसीएम या दोघांची तुलना करतो, आणि मागचा ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त हलला की पी०४२० नोंदवतो. चार सिलिंडर एका ओळीत असलेल्या तुमच्या इंजिनात बँक, म्हणजे सिलिंडरची रांग, एकच, म्हणून दुसऱ्या बँकेचा पी०४३० हा जुळा कोड तुम्हाला दिसणार नाही.

म्हणजे ईसीएम धूर मोजत नाही. तो एका सेन्सरच्या हालचालीवरून अंदाज बांधतो. त्या अंदाजाला चुकीची माहिती मिळायचे रस्ते बरेच आहेत आणि तपासणीचं सगळं काम तिथे आहे.

आणखी एक. ही परीक्षा ईसीएम दर मिनिटाला घेत नाही. इंजिन पूर्ण गरम, वेग बऱ्यापैकी स्थिर, लोड मध्यम, अशी स्थिती जुळली तरच घेतो, आणि सहसा लागोपाठ दोन ट्रिपमध्ये नापास झाल्यावरच दिवा लावतो. त्यामुळे कोड क्लिअर करून "बघा, गेला लाइट" असं कोणी दाखवलं तर त्याला काही अर्थ नाही. शहरात ट्रॅफिकमध्ये फिरणाऱ्या गाडीत तो दिवा आठवडाभर परत येणार नाही आणि पहिल्या हायवेच्या फेरीला येईल. स्कॅनरमध्ये रेडीनेस मॉनिटर नावाचा पर्याय असतो. त्यात कॅटॅलिस्टपुढे "पूर्ण" दिसत नाही तोवर परीक्षा झालेलीच नाही असं समजा.

म्हणूनच तुम्हाला पहिली विनंती, कोणालाही अजून कोड क्लिअर करू देऊ नका. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम साठवलेली असते, म्हणजे कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती, वेग किती, कुलंटचं तापमान किती, फ्युएल ट्रिम (ईसीएम ठरलेल्या इंधनात करत असलेली टक्क्यांतली वाढ-घट) किती. क्लिअर केलं की हेही पुसलं जातं. सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर ते पान उघडायला सांगा आणि मोबाइलने फोटो काढा. स्टिअरिंगखालच्या पोर्टला लावायचा ब्लूटूथचा छोटा ओबीडी (गाडीने स्वतःचे दोष नोंदवायची यंत्रणा) ॲडॅप्टर तुमच्याकडे असेल तर घरच्या घरीही जमेल. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ लागू झालं, त्यामुळे तुमच्या गाडीत हे सगळं मिळायला हवं.

पी०४२० सोबत दुसरा कोणताही कोड असेल तर आधी तो. पी०३०० ते पी०३०४ मिसफायरचे, म्हणजे मिसिंगचे, पी०१७१ लीनचा, पी०१७२ रिचचा, पी०१३० च्या आसपासचे सेन्सरचे. यातला एक जरी असला तरी कन्व्हर्टरची चर्चा तिथेच थांबवा. तो दोष काढा, मग गाडी चालवा, मग बघा.

दुसरा कोड नसला तर फ्युएल ट्रिम वाचा. शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) आणि लाँग टर्म (ईसीएमने शिकून साठवलेला) या दोन्हींची बेरीज अधिक-उणे ५ टक्क्यांत असेल तर उत्तम, १० पर्यंत चालवून घेता येईल. त्याच्या पलीकडे असेल तर इंजिनला कुठून तरी जादा हवा किंवा जादा इंधन मिळतंय. तुमचं ॲव्हरेज कमी झालंय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मला या आकड्यांत विशेष रस आहे. कन्व्हर्टरची साठवण कमी झाल्याने ॲव्हरेज पडत नाही. जाळी चोक झाली तर पडतं, पण मग पिकअपही जातो, चढावर गाडी ओढत नाही, आणि तशी तुमची तक्रार नाही. तेव्हा ॲव्हरेजचं कारण वेगळं असणार, आणि कदाचित तेच कन्व्हर्टरला खात असेल.

त्यानंतर लीकेज. ही तपासणी फुकटात होते, तरी सगळ्यात जास्त राहून जाते. एक्झॉस्टमधला वायू सलग धारेत वाहत नाही, झटक्या-झटक्याने वाहतो. दोन झटक्यांच्या मधे पाइपमधला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. तिथे फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो आणि ईसीएमला वाटतं, कन्व्हर्टर कामचुकारपणा करतोय. पहाटे गाडी पूर्ण थंड असताना बॉनेट उघडून कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून गळती असेल तर पहिली दोन-चार मिनिटं टक-टक-टक असा कोरडा आवाज येतो. टॅपेटच्या आवाजाशी त्याची गल्लत होते. लोखंड तापून फुगलं की फट मिटते आणि आवाज बंद होतो. दुपारी गरम गाडी गॅरेजमध्ये नेली तर मेकॅनिकला काहीच ऐकू येत नाही. गाडी गार झाल्यावर टॉर्च घेऊन फ्लँजच्या सांध्यांवर बघा. जिथून गळती असते तिथे काजळीची एक काळी रेघ पंख्यासारखी पसरलेली दिसते, बोट फिरवलं तर भुसभुशीत लागते. फ्लेक्स पाइपच्या जाळीदार भागावर आणि मागच्या सेन्सरच्या आट्यांपाशीही हेच बघा. शंका राहिली तर सायलेन्सरच्या तोंडातून ब्लोअरने हळू हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडे खोटं बोलत नाहीत.

आता सेन्सर. पी०४२० आला की मागचा सेन्सर बदलून बघायची फार सवय पडली आहे, कारण तो स्वस्त पडतो आणि बदलायला सोपा असतो. हा सल्ला मला पटत नाही, त्याचं कारण साधं आहे. सेन्सर म्हातारा झाला की तो सुस्त होतो, त्याची हालचाल मंदावते. मागचा सेन्सर सुस्त झाला तर त्याची रेघ अधिक सपाट दिसेल, म्हणजे खराब कन्व्हर्टरही चांगला भासेल. पी०४२० यायला मागचा सेन्सर जास्त हलावा लागतो, आणि तसा हलणारा सेन्सर बहुधा धडधाकट असतो. गोंधळ घालतो तो पुढचा. पुढचा मंद झाला की ईसीएमची रिच-लीनची लाट लांबते, एका लाटेत साठवणीला पेलवणार नाही एवढा चढउतार होतो, आणि चांगल्या कन्व्हर्टरच्या मागेही रेघ नाचू लागते. सेन्सरवर खर्च करायचाच झाला तर आधी पुढच्याची चाचणी घ्या.

ती अशी. गाडी वीसेक मिनिटं चालवून आणा. मग उभ्या गाडीत २,५०० आरपीएमवर दोन-तीन मिनिटं रेस धरा, जाळी तापू द्या. स्कॅनरवर दोन्ही सेन्सरचे आलेख एकाखाली एक लावा. पुढचा सेकंदाला निदान एकदा तरी वर-खाली व्हायला हवा आणि त्याची चढण-उतरण उभी, धारदार हवी. गोलसर, आळसावलेली लाट दिसली तर संशय पुढच्यावर. तुमच्या मॉडेलमध्ये पुढचा सेन्सर वाइडबँड प्रकारचा असेल तर तो असा नाचणारच नाही, स्कॅनरवर त्याचा लॅम्डा (हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा, आदर्श १) १ च्या आसपास दिसेल. तो बंद पडलाय असा समज करून घेऊ नका, तिथे फक्त मागच्याकडे बघा.

मागचा ०.६-०.७ वर सपाट राहिला तर कन्व्हर्टर त्या घडीला काम करतोय. पुढच्याची हुबेहूब नक्कल करत असेल तर साठवण गेली. मधलीच स्थिती असेल तर आणखी एक चाचणी रस्त्यावर घ्यायची, आणि माझा सगळ्यात जास्त विश्वास तिच्यावर आहे. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा. ईसीएम इंजेक्टर बंद करतो, एक्झॉस्टमध्ये नुसती हवा जाते, दोन्ही सेन्सर शून्याजवळ येतात आणि जाळी ऑक्सिजनने भरते. आता हलकेच ॲक्सिलरेटर द्या. पुढचा सेन्सर लगेच वर उडतो. मागचा किती वेळाने उठतो ते बघा. साठवण चांगली असेल तर साठलेला ऑक्सिजन संपेपर्यंत तो खालीच रेंगाळतो. साठवण गेलेली असेल तर पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवून उठतो. शेजारी स्कॅनर बघायला दुसरा माणूस हवा, गाडी चालवता चालवता हे करू नका.

चांगल्या स्कॅनरवर मोड ०६ असतो. त्यात कॅटॅलिस्टच्या परीक्षेचा मिळालेला आकडा आणि मर्यादा दोन्ही दिसतात. काठावर नापास आणि सपशेल नापास यांतला फरक तिथे कळतो, आणि काठावरच्या गाडीत दुरुस्तीला वाव असतो.

तुमच्या बाबतीत मोठा मुद्दा सीएनजीचा आहे. बाहेरून किट बसवलेल्या गाड्यांमध्ये हा कोड वारंवार दिसतो आणि त्याची दोन-तीन कारणं एकमेकांत गुंतलेली असतात. पहिलं म्हणजे सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि मिथेन जाळीवर सहजासहजी जळत नाही. पेट्रोलच्या वाफांपेक्षा त्याला बरंच जास्त तापमान लागतं. दुसरं, सिक्वेन्शियल किटचा कंट्रोलर पेट्रोलच्या इंजेक्टरचा वेळ वाचतो आणि तो गुणून गॅसच्या इंजेक्टरला देतो. बसवताना मॅपिंग, म्हणजे कधी किती गॅस द्यायचा याची जुळणी, नीट केलं नसेल किंवा दोन वर्षांत गॅसचे इंजेक्टर मळले असतील, तर ईसीएमचा लाँग टर्म ट्रिम एका बाजूला झुकतो, आणि गाडी पेट्रोलवर आणली तरी काही काळ तोच चुकीचा हिशेब चालू राहतो. तिसरं कारण प्लगचं. सीएनजीला ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर अजून ठीक वाटणारा झिजलेला प्लग गॅसवर, चढाला, लोडखाली मधूनच चुकतो. खंबाटकी चढताना गाडी क्षणभर अडखळते, तुम्ही गिअर खाली टाकता आणि विसरून जाता. अशा प्रत्येक चुकीच्या ठिणगीचा गॅस कन्व्हर्टरमध्ये जातो.

म्हणून तुमच्या गाडीचे ट्रिम आणि मागच्या सेन्सरचा आलेख दोन्ही इंधनांवर वेगवेगळे बघायचे. दोन्हींचे ट्रिम जवळपास सारखे हवेत. पेट्रोलवर २ टक्के आणि सीएनजीवर १५ टक्के असं काही दिसलं तर आधी किटवाल्याकडे जाऊन फिल्टर, इंजेक्टर आणि मॅपिंग करून घ्या. प्लग बदलून किती झाले ते आठवत नसेल तर बदलाच, गॅप किटवाल्याने सांगितलेला ठेवा. सीएनजीला तो पेट्रोलपेक्षा कमी असतो. कॉइलच्या रबरी बुटांना आतून बारीक पांढऱ्या रेघा किंवा भेगा दिसल्या तर तेही बदला. एवढं झाल्यावर एक आठवडा गाडी फक्त पेट्रोलवर चालवा.

ई२० पेट्रोलने असं होतं का, हा प्रश्न आता सगळेच विचारतात. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे ईसीएमला थोडं जास्त इंधन द्यावं लागतं, ट्रिम काही टक्के वर सरकतो आणि ॲव्हरेजही किंचित घटतं. सेन्सर ठीक असेल तर ईसीएम हे सांभाळून घेतो. पी०४२० चं खापर मी ई२० वर फोडणार नाही.

समजा सगळं तपासून झालं आणि कन्व्हर्टरच गेला असं ठरलं. तरी ८२ हजारांवर तो का गेला हे शोधल्याशिवाय नवा बसवू नका. बीएस-४ गाडीचा कन्व्हर्टर निरोगी इंजिनामागे दीड-दोन लाख किलोमीटर सहज जातो.

माझ्याकडे एक गाडी आली होती, तिला दुसरीकडे नवा कन्व्हर्टर बसवून वर्षही झालं नव्हतं आणि पी०४२० परत हजर. मालक म्हणाले पार्ट डुप्लिकेट दिला असणार. डिपस्टिक ओढली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. विचारल्यावर कळलं, दर महिन्याला ते लिटरभर ऑइल टाकत होते आणि त्यात काही विशेष आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. पुढचा सेन्सर काढून त्या भोकातून कॅमेरा घातला, तर जाळीच्या तोंडावर करड्या-पांढऱ्या राखेचा पातळ थर बसलेला. इंजिन ऑइलमध्ये झीज रोखण्यासाठी जस्त आणि फॉस्फरस असतात. ऑइल रिंगांमधून किंवा व्हॉल्व्ह सीलमधून जळालं की ते जाळीवर जाऊन बसतात आणि धातूचा थर झाकून टाकतात. पार्ट अस्सल होता. रिंगांचं काम केल्याशिवाय तिसरा बसवण्यात काही अर्थ नव्हता.

तुम्ही घरी हे करून बघा: सकाळी सपाट जागेवर डिपस्टिकची पातळी खुणेला लावा, हजार किलोमीटरनंतर त्याच जागी परत बघा. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी पहिला धूर निळसर सोडला तर व्हॉल्व्ह सील, चढ चढताना निळा धूर असेल तर रिंगा. कुलंट वारंवार कमी होत असेल आणि बाहेर थेंबही दिसत नसेल तर हेड पॅकिंगवर संशय घ्या, कारण कुलंटमधली रसायनंही सेन्सरला आणि जाळीला मारक असतात. ऑइल पॅन किंवा टॅपेट कव्हर बसवताना भसाभसा लावलेलं साधं सिलिकॉनही तसंच. त्याची वाफ इनटेकमधून जळून सेन्सरवर काचेसारखी बसते. डब्यावर सेन्सरला सुरक्षित असल्याचं लिहिलेलं सिलिकॉनच वापरायला सांगा.

मिसिंगने होणारं नुकसान वेगळ्या जातीचं. जाळीचं सिरॅमिक वितळायला साधारण १,४०० अंश लागतात, पण त्याच्या बरंच आधी, हजाराच्या आसपास, लेपातले धातूचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि त्यांचा पृष्ठभाग घटतो. बाहेरून जाळी एकदम स्वच्छ दिसते. म्हणून "उघडून बघितलं, जाळी साफ आहे" या वाक्यावर निर्णय घेऊ नका. इथे गॅरेजवाल्या मित्रांनाही एक सांगणं आहे. चालू इंजिनाची एकेक प्लगची वायर किंवा कॉइल काढून मिसिंग कोणत्या सिलिंडरला आहे ते शोधायची पद्धत कार्ब्युरेटरच्या काळातली. इंजेक्शनच्या गाडीत तेवढा वेळ त्या सिलिंडरचं कच्चं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जातं. शोधायचंच असेल तर स्कॅनरवरून इंजेक्टर बंद करून शोधा. धक्का मारून किंवा ओढून गाडी चालू करायचा खटाटोपही याच कारणासाठी टाळावा.

पावसाळ्यात तापलेली गाडी गुडघाभर पाण्यात घातली की तापलेलं सिरॅमिक तडकू शकतं. मग जाळीचे तुकडे सुटून खुळखुळ आवाज येतो. गार गाडीखाली जाऊन रबरी हातोडीने डब्यावर हलकेच मारा, आत वाळू हलल्यासारखं वाटलं तर जाळी फुटली आहे आणि तिचे तुकडे पुढे अडकून चोक करणार. चोकचा संशय असेल तर पुढच्या सेन्सरच्या भोकात गेज लावून बॅकप्रेशर मोजता येतं. २,५०० आरपीएमला ते ३ पीएसआयच्या आत हवं.

बाटलीतल्या कॅटॅलिटिक क्लीनरबद्दल: काजळी असेल तर थोडाफार फरक पडेल, ऑइलची राख आणि चिकटलेले धातूचे कण यांवर कशाचाही इलाज नाही. त्यापेक्षा प्लग, लीकेज, ट्रिम सगळं ठीक केल्यावर गाडी पेट्रोलवर हायवेला तासभर चांगली तापवून आणा. पेट्रोलमधल्या गंधकाचा परिणाम आणि साचलेला कार्बन तापमानाने बराच निघून जातो. काठावर नापास झालेल्या काही गाड्या एवढ्यावर परत पास होतात. सपशेल नापास झालेली होत नाही.

आता जाळी काढून टाकण्याबद्दल. हे करू नका, आणि मी हे कायद्याच्या भीतीपोटी एवढंच म्हणत नाही. कायदा आहेच: २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली प्रदूषणाची मर्यादा मोडल्यास १० हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि शिवाय तीन महिने लायसन्स बाद होऊ शकतं. बीएस-४ पेट्रोल गाडीला पीयूसीत आयडलिंगला ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि २०० पीपीएम हायड्रोकार्बन ही मर्यादा आहे. चांगल्या ट्यून केलेल्या इंजिनातूनही कन्व्हर्टरच्या आधी बाहेर पडणारा मोनॉक्साइड बहुधा यापेक्षा जास्त असतो. म्हणजे प्रामाणिक पीयूसीला गाडी नापास होणार. शिवाय जाळी काढल्यावर मागचा सेन्सर कायमचा पुढच्याची नक्कल करणार, म्हणजे दिवा जळतच राहणार. मग तो घालवायला सेन्सरखाली ठोकळा बसवतात किंवा ईसीएममधून ती परीक्षाच बंद करून टाकतात. त्यानंतर खरी बिघाडाची सूचनाही तुमच्यापर्यंत पोचण्याची खात्री उरत नाही. आणि तो धूर सिग्नलला तुमच्या मागे उभ्या असलेल्या दुचाकीवरच्या लहान मुलाच्या नाकात जातो. १९९५ साली दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, त्यासाठी तिथे शिशाविना पेट्रोल आणावं लागलं, आणि २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. एवढी वर्षं खपून मिळवलेली हवा दोन हजार रुपयांसाठी मागे नेण्यात मला काडीचाही शहाणपणा दिसत नाही.

फुकटात किंवा स्वस्तात जाळी काढून देणाऱ्याचा हिशेबही समजून घ्या. त्या जाळीतल्या धातूंना भंगारात चांगला भाव मिळतो. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या याच धातूंसाठी निर्माण झाल्या. तुमचा कन्व्हर्टर पुढेमागे बदललाच तर जुना परत मागा किंवा त्याची किंमत बिलात वजा करून घ्या. एस्टिमेटवर हे आधीच लिहून घ्यायचं.

बदलायचाच झाला तर गाडीबरोबर मिळालेलं वॉरंटीचं पुस्तक आधी उघडा, एमिशन वॉरंटीचं पान वेगळं असतं. तुमची गाडी जुनी आहे आणि किट बाहेरचं आहे, म्हणून फार आशा ठेवू नका, पण विचारा. तुमच्या मॉडेलसाठी कंपनीने ईसीएमचं नवं सॉफ्टवेअर काढलंय का हेही विचारा, कधी कधी परीक्षेची मर्यादाच सुधारलेली असते. बाजारातल्या अगदी स्वस्त कन्व्हर्टरमध्ये मौल्यवान धातू जेमतेम असतो, काही महिने दिवा गप्प राहतो आणि परत लागतो. भंगारबाजारातला जुना तर घेऊच नका, तो कोणत्या इंजिनामागे किती तापलाय हे कोणी सांगू शकत नाही. बसवताना पॅकिंग आणि नट-बोल्ट नवे, सेन्सर जुनेच वापरणार असाल तर त्यांच्या टोकाला ग्रीस, सिलिकॉन, तेलकट हात काहीही लागू द्यायचं नाही.

तुमच्या जागी मी असतो तर या आठवड्यात फ्रीझ फ्रेमचा फोटो, पहाटेच्या थंड स्टार्टला लीकेज आणि नवे प्लग एवढं उरकलं असतं. मग दोन्ही इंधनांवरचे ट्रिम, गरज पडली तर किटवाल्याकडे मॅपिंग, आणि त्यानंतर कोड क्लिअर करून पेट्रोलवर साताऱ्याच्या दोन-तीन फेऱ्या. हजार किलोमीटर भरले की डिपस्टिकचा निकालही हातात येईल. रेडीनेस मॉनिटर पूर्ण झाला आणि दिवा लागला नाही, तर ४८ हजार वाचले. लागला आणि ऑइलची पातळीही उतरलेली असेल, तर आधी इंजिन, मग कन्व्हर्टर. लागला पण ऑइल जागच्या जागी असेल, तर मागच्या सेन्सरचा आलेख आणि मोड ०६चा आकडा मला पाठवा, पेट्रोल आणि सीएनजीचे वेगवेगळे. कोणत्या इंधनावर घेतला ते फोटोवर लिहायला विसरू नका.